कपाटातले टॉवेल आणि पायावरची रेघ

आमच्या घरात वापरायचा टॉवेल एकच होता. न्हाणीघराच्या दारामागं तो लोंबायचा आणि मी, नवरा, सासूबाई तिघंही त्यालाच तोंड पुसायचो. कपाटात मात्र कोऱ्या टॉवेलांची थप्पी. सगळे लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेले. प्रत्येकावर सासूबाईंची चिठ्ठी: कुणी दिला, पुढं कुणाला द्यायचा. माझ्या लग्नात वडिलांनी मानानं दिलेला टॉवेलही त्यांनी कधीच कुणाच्या तरी गळ्यात मारला असणार, असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. तो राग मी अधूनमधून भांड्यांवर काढायचे.

उन्हाळ्यात नवऱ्याच्या मानेवर गळू आलं. शहाण्यानं ते आरशासमोर उभं राहून पिळलं. आठवड्याभरात माझ्या काखेत एक. सासूबाईंनी दोघांना भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं. घरभर भज्यांचा वास सुटला, गुण काही आला नाही. मग त्यांच्याच नडगीवर फोड उठला. त्यांना मधुमेह. दोन दिवसांत पाय लाल, गरम, टणक झाला, अंगात ताप भरला, आणि माझी थट्टा जागच्या जागी थांबली.

डॉक्टरीणबाईंनी लालीभोवती पेनानं रेघ ओढली. "जिवाणूंचं काम आहे हे. गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या, बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत. पिळायचं तर अजिबात नाही. लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप वाढला, तर लगेच ॲडमिट." मग घरात तिघांनाही फोड आल्याचं कळल्यावर माझ्याकडं वळून विचारलं, "घरात टॉवेल किती?"

"शंभरेक असतील."

"वापरात?"

मी बोट वर केलं. एक.

"सोलापुरात राहता ना?" बाईंनी कपाळाला हात लावला.

घरी आल्यावर मी तासातासाला सासूबाईंची साडी सरकवून रेघ बघायला लागले.

"सारखं काय बघती गं? रेघ काय पळून चालली व्हय?" त्या वैतागल्या.

मला खरंच भीती वाटत होती. त्या नसत्या तर घरात भांडायचं कुणाशी?

दुसऱ्या दिवशी लाली रेघेवर अडून बसली. तिसऱ्या दिवशी बोटभर आत सरकली. ताप उतरला तशा सासूबाई कपाटाची किल्ली माझ्याकडं टाकत म्हणाल्या, "काढ. परत्येकाला येगळा. आन् रोज उन्हात वाळव."

थप्पीच्या अगदी तळाशी कागदात गुंडाळलेला एक पांढरा टॉवेल निघाला. चिठ्ठीवर त्यांचं वाकडं अक्षर: 'सुनेच्या वडिलांचा. कुणाला द्यायचा नाही.'

वडील जाऊन चार वर्षं झाली होती.

"त्यांच्या हातचा हाय की त्यो," सासूबाई म्हणाल्या. "तूच वापर."

मला रडू आवरेना. तोंड त्या टॉवेलातच खुपसलं. तेवढ्यात नवरा ओले हात घेऊन आला आणि सवयीनं त्याच टॉवेलाचं टोक धरायला गेला.

आम्ही दोघी एकदमच ओरडलो.