गिरजाबाई आणि आरसेवाली

सोनडोहला येणारी माणसं बहुतेक वाघ न दिसलेली असत. ताडोब्याच्या जंगलात दोन दिवस जिप्सीत धूळ खाऊन, हरणं आणि मोर मोजून परत निघालेल्या मंडळींना ड्रायव्हर म्हणायचा, "वाटेत जुनं देऊळ आहे, नदीपण आहे, पाहून घ्या." मग गाडी फाट्यावरून आत वळायची. वैनगंगेच्या काठी काळ्या दगडाचं डोहेश्वराचं देऊळ, मागं पाण्यात उतरणारा घाट, बाजूच्या टेकडीवर भीमाचं पाऊल म्हणून दाखवतात तो खळगा, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडणारं रेतीचं बेट. सगळं पाहायला तासभर पुरे. पण माणूस गिरजाबाईच्या हाती लागला की त्या तासाचे तीन होत.

गिरजाबाईला कुणी नेमलं नव्हतं. तिचा नवरा श्रावण या देवळाचा चौकीदार होता. ती लग्न होऊन आली त्याच साली एक मोठे साहेब देवळाची चित्रं काढायला आले आणि दोन महिने राहिले. श्रावण त्यांची शिडी धरायचा, गिरजाबाई त्यांना भात आणि मासोळीचं कालवण रांधून घालायची. साहेबांना जेवताना बोलायची सवय. ही कोणती मूर्ती, हिच्या हातात काय, हा देव कोणत्या दिशेचा, असं ते सांगत बसत. श्रावणच्या डोक्यावरून गेलेलं ते सगळं दाराआड बसलेल्या गिरजाबाईच्या डोक्यात जाऊन बसलं. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे विसरायची सोयच नव्हती. साहेब गेले. आधी ती गावच्या बायांना सांगू लागली, मग मेळ्यातल्या पाव्हण्यांना, मग गाडीतून येणाऱ्या कुणालाही. श्रावण वारला तरी तिचं सांगणं थांबलं नाही. अशी चाळीस वर्षं गेली.

बाहेरच्या भिंतीवरच्या सगळ्या मूर्ती तिच्या ओळखीच्या. पण जीव होता तो एका मूर्तीवर. हातात आरसा धरलेली दगडी बाई. गिरजाबाई तिला आरसेवाली म्हणायची.

"साहेब म्हणत, हे नटून राह्यली," ती सांगायची. "मले नाई वाटत. नटणाऱ्या बाईची मान अशी ताठ रायते काय? पाहा ना. तिच्या मागं कोणीतरी उभं आहे. वळून पाहाची हिंमत नाई, म्हणून आरशात पाहून राह्यली."

इथं ती थांबायची. पुरुष हसायचे. बाया मात्र पुन्हा एकदा मूर्तीकडं पाहायच्या, आणि बराच वेळ पाहायच्या.

साठी ओलांडल्यावर तिच्या नजरेच्या कडा काळ्या पडू लागल्या. तिनं मुलाला सांगितलं. धनराजचं देवळाच्या फाटकाशी चहाचं दुकान. तो म्हणाला, धानाची रोवणी होऊ दे. रोवणी झाली, मग घरावरचे पत्रे बदलायचे निघाले, मग मेळा आला. "पुढच्या महिन्यात जाऊ माय" असं म्हणता म्हणता पाच वर्षं गेली. शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि तिच्याशी न बोलता धनराजलाच विचारलं, "आधी काऊन नाही आणलं? काचबिंदू आहे. गेलेली नजर येत नसते."

आंधळी झाली तरी ती देवळात येत राहिली. आता बोटं पाहायची. दगडी बांगडीवर, दगडी पैंजणावर बोट फिरवत ती सांगायची, आणि लोक पहिल्यापेक्षा जास्त मन लावून ऐकायचे. मग मूर्तींपुढं लोखंडी कठडा आला. देवस्थान समितीचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी तिला पाटी वाचून दाखवली. मूर्तींना हात लावू नये.

"भाऊ, चाळीस वर्षं मीच हे लोकाईले सांगून राह्यली."

"मग तुम्हाला तर आधी समजायला पाहिजे बाई. हाताचा घाम लागते, दगड खराब होते."

तिनं मानलं. कोपऱ्यापासून पावलं मोजायची सवय करून घेतली. चौदा पावलांवर नाचणारा शंकर, बाविसावर आरसेवाली. पायाखाली उन्हासाठी अंथरलेली हिरवी चटई असल्यानं दगडाचा भेद तळव्यांना कळत नसे. सगळी भिस्त मोजण्यावर होती.

डिसेंबरातल्या एका रविवारी घुग्घुसहून चार मोटरसायकली आल्या. त्यांतला विक्की सिमेंटच्या कारखान्यात शिफ्टवर होता आणि मोबाइलवर गमतीचे व्हिडिओ टाकायचा. म्हातारी पुटपुटत पावलं मोजते हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. तो तिच्याजवळ गेला, मोठ्या अदबीनं पाया पडला आणि म्हणाला, "आजी, तिकडं लई गर्दी आहे. मी हात धरतो, या."

हात धरून त्यानं तिला दोनदा गोल फिरवलं, फाटकाबाहेर नेलं आणि पार्किंगमधल्या नव्या संडासाच्या भिंतीपुढं उभं केलं. चटई तिथपर्यंत अंथरलेली होतीच. भिंतीवर पिवळ्या रंगात वाघ काढला होता.

"आली आरसेवाली. सांगा आजी."

गिरजाबाईनं पदर सारखा केला, हात जोडले आणि सांगायला लागली. कमरेचं वळण, गळ्यातला तीन पदरी हार, आरसा धरलेली बोटं. पोट्टे तोंडात रुमाल कोंबून हसत होते. विक्कीनं 'पुरुष' लिहिलेल्या दाराकडं मोबाइल वळवला.

"आणि आजी, हे बाजूला कोणता देव आहे?"

ती अडखळली. आरसेवालीच्या उजव्या बाजूला कोण, हे तिनं मनात ताडून पाहिलं. "तो वरुण. पाण्याचा देव."

मग कुणालाच आवरलं नाही. एक जण तर खालीच बसला. गिरजाबाईला वाटलं, पोरं खुशीत आहेत; तीही हसली. घरी जाऊन सुनेला म्हणाली, "रंजीता, आज लई चांगले पोट्टे आले होते. शेवटपावतर ऐकलं त्याईनं."

तिसऱ्या दिवशी धनराजनं तो व्हिडिओ पाहिला. हातातली केटली त्यानं भुईवर आपटली. विक्कीचं तंगडं तोडल्याशिवाय राहत नाही म्हणाला, आणि त्या दिवशी तो खरोखरच तोडणार होता. पण रविवारी वरोऱ्याहून, चंद्रपुरातून, थेट नागपुरातून गाड्या आल्या. उतरणारा प्रत्येक जण दुकानाशी येऊन विचारत होता, "ते संडासवाली आजी कुठी आहे?" दहा वाजायच्या आत दुधाचं पातेलं रिकामं झालं. धनराज कुणालाच काही बोलला नाही. दिवसभर चहा गाळत राहिला आणि विचार करत राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी तो आईजवळ आला. "माय, देवळात काम सुरू आहे. आता दुसऱ्या बाजूनं जाचं. पावलं मोजू नको, मी आहो ना."

त्यानं तिचा हात धरला. कळत्या वयाचा झाल्यापासून त्यानं तिचा हात असा कधी धरला नव्हता. फाटकापर्यंतच्या वाटेवर ती हळूहळू चालली. वाट लवकर संपू नये असं तिला वाटत होतं.

दर रविवारी तसंच होऊ लागलं. फिनाइलचा वास आला तेव्हा तिनं विचारलं. धनराज म्हणाला, समिती आता रोज देऊळ धुवून घेते. गिरजाबाईनं गुणवंतरावांना तोंड भरून आशीर्वाद दिले. ते चार पावलांवर मोबाइल घेऊन उभे होते. त्यांनी कोपरापासून हात जोडून ते स्वीकारले, आणि गर्दी पुन्हा हसली.

रंजीतानं एकदा नवऱ्याला म्हटलं, "हे बरं नाई होऊन राह्यलं."

"तिले काय दिसते? खुश आहे ना ते? मंग तू चूप राह्य."

खुश तर ती होतीच. आठवडाभर रविवारची वाट पाहायची, शनिवारीच लुगडं धुवून ठेवायची. धनराजच्या दटावण्यापेक्षा तिच्या त्या खुशीनंच रंजीताचं तोंड बंद झालं.

दोन महिन्यांनी कुरखेड्याहून एका शाळेची सहल घेऊन एक बाई आल्या. त्या बाईंना व्हिडिओबिडिओ काही ठाऊक नव्हतं. त्या घाईघाईनं गर्दीतून वाट काढत आल्या. "आजी, सरका ना जरा. बाथरूमला जाचं आहे."

गिरजाबाईचं बोलणं तुटलं. "बाथरूम? देवळात?"

"देऊळ तिकडं आहे ना आजी, मागं. हे तर संडास आहे."

गर्दीत असा हशा उठला की पिंपळावरचे कावळे उडाले. गिरजाबाईनं हात पुढं केला. कठडा नव्हता. हाताला भिंत लागली, गुळगुळीत, ऑइलपेंटची. ती हात फिरवत गेली. आधी टाइल लागली, मग दाराची कडी. लोक अजून हसत होते. हाच या खेळातला सर्वांत चांगला भाग आहे असं त्यांना वाटलं. शाळेच्या बाई मात्र तोंडावर हात ठेवून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"धनराज आहे काय इथी?" तिनं विचारलं.

धनराज हातभर अंतरावर होता.

"हे काय, तुमच्या बाजूलेच आहे आजी!" कुणीतरी ओरडलं.

"धनराज, मले घरी ने."

घरी आल्यावर तिनं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सुनेला विचारलं, "किती दिस झाले?"

"बाई..."

"किती?"

"दोन महिने."

"तुले माहीत होतं."

"होतं, बाई."



दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत ती एकटीच काठी टेकत निघाली. कोपरा सापडेपर्यंत दोनदा धडपडली, गुडघा फुटला. मग मोजायला लागली. बाविसाव्या पावलावर थांबली, खाली बसली आणि कठड्याखालून आत सरकली. हाताला दगडी पाऊल लागलं, पैंजण लागलं, कंबर लागली. आरशापर्यंत हात पोचला तसा तिनं दगडावर कपाळ टेकलं आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडणं सोडून दिलं.

नव्या चौकीदारानं तिला पाहिलं आणि शिट्टी वाजवली. आंधळ्या म्हातारीला बघून शिट्टी वाजवायचं काय कारण होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. गुणवंतराव आले. दोघांनी दंडाला धरून तिला बाहेर ओढलं.

"बाई, नियम सगळ्याईले सारखा असते."

"दोन महिने मले संडासापुढं उभं केलं, तवा कुठी होता तुमचा नियम?"

गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "ती जागा देवळाच्या हद्दीत येत नाही."

त्याच आठवड्यात समितीनं ठराव केला. मूर्तींच्या सुरक्षेसाठी गिरजाबाईला आवारात येण्यास मनाई. ठराव धनराजला वाचून दाखवला आणि त्यानं सही केली.

महाशिवरात्रीचा मेळा तोंडावर आला. धनराज आईच्या पायाशी बसला, हातापाया पडला, मग चिडला. शेवटी तिला उचलूनच दुकानापुढच्या खुर्चीवर आणून बसवलं. लोक जमले. "आजी, वरुणदेव दाखवा ना!" कुणी ओरडलं. कुणी तिच्या मांडीवर भुईमुगाची टरफलं टाकली. ती दगडासारखी बसून राहिली, ओठसुद्धा हलवले नाहीत. अर्ध्या तासात लोकांना कंटाळा आला. पलीकडं मौत का कुआँ सुरू झाला तशी गर्दी तिकडं पांगली.

घरी धनराज ओरडला, "दोन शब्द बोलली असतीस तर जीव गेला असता काय तुहा?"

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर रविवारी गाड्या कमी झाल्या. विक्कीनं दुसरीकडचा कुणी वेडा शोधला. धनराजनं दुकान हलवून डांबरी रोडवर नेलं आणि आईशी बोलणं टाकलं. ती अंगणाच्या कोपऱ्यात, शेळीच्या गोठ्याशेजारी बसून असायची. जेवण रंजीता द्यायची.

पावसाळ्यात गुणवंतराव एका कॉलेजच्या पोरीला घेऊन आले. देवळावर पुस्तिका काढायची होती. मोबाइल खाटेवर ठेवून ते गोड आवाजात म्हणाले, "झालं गेलं सोडा बाई. तुमच्याजवळचं सगळं रेकॉर्ड करून घेऊ. नाहीतर तुमच्यासंगं जाईल."

"मले काई आठवत नाई."

"असं कसं? चाळीस वर्षं..."

"नाई आठवत."

त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर मिळालं. पुस्तिका निघाली, तिच्यात मूर्तींची लांबी-रुंदी आहे.

ते गेल्यावर काही दिवसांनी रंजीता तिच्याजवळ सूप घेऊन बसली. बाहेर झड लागली होती. दोघी तांदूळ निवडत होत्या, एक डोळ्यांनी, एक बोटांनी. बऱ्याच वेळानं रंजीतानं धीर केला. "बाई, मले तरी सांगा. मी कोणाले नाई सांगत. नुसतं माह्यापाशी ठेवतो."

गिरजाबाईची बोटं थांबली. तिला सगळं आठवत होतं, मूर्तीमागून मूर्ती, साहेबांचा शब्दन् शब्द. ही सून तिला रोज ताट वाढत होती, तिचे पाय चेपत होती. तिच्यासाठी तरी तोंड उघडावं असं तिला क्षणभर वाटलंही.

"तांदूळ झाले काय?" तिनं विचारलं.

"झाले."

"मंग भात मांड."

रंजीता उठली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि गिरजाबाई त्यानंतर तीन वर्षं जगली.