ग्वांगझूचे पांढरे वाघ आणि आईंची सरकारी साठी

चीनला जायचं आमच्या घरात कोणाच्याच मनात नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, तर मुळीच नव्हतं. तो कंपनीच्या कामासाठी सारखा ग्वांगझूच्या कारखान्यांत जातो आणि परत आला की आठवडाभर वरणभाताशिवाय काही मागत नाही. पण त्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई आमच्याकडे कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला आल्या होत्या. नागपूरच्या एका शाळेतून रिटायर झालेल्या पीटीच्या बाई. साडीखाली स्पोर्ट्स शूज, आवाज असा की दोन मैदानांपलीकडचं पोरगं सावधान उभं राहील. मंदारनं मागच्या खेपेला आणलेलं एक चकचकीत माहितीपत्रक त्यांच्या हाती लागलं. अक्षरं सगळी चिनी, पण चित्रं कळायला भाषा कशाला लागते? एका पानावर पांढरे वाघ होते आणि दुसऱ्या पानावर माणसांना पुन्हा पुन्हा उलटं टांगणारं एक अवाढव्य रोलर कोस्टर. वाघांचं पान आईंनी झर्रकन उलटलं.

"मंदार, हे कुठे आहे?"

"चीनमध्ये, आई. ग्वांगझूच्या बाहेर."

"पुढच्या महिन्यात तू जाऊनच राहिला ना तिकडे?"

झालं, ठरलं. रेवा, आमची नऊ वर्षांची कन्या, "येस! टायगर्स!" म्हणून सोफ्यावरून उडी मारती झाली. मंदारनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ते पत्रक मीच चहाच्या कपाखाली सारलं होतं.

आईंना त्या कोस्टरचं एवढं काय, हे सांगायला हवं. नोकरीभर त्यांनी शाळेच्या सहली नेल्या. जत्रेतला आकाशपाळणा असो की मुंबईजवळचं वॉटरपार्क, पोरं वर आणि बाई खाली, गळ्यात शिट्टी अडकवून. कोणाला चक्कर आली, कोणाला उलटी झाली तर खाली कोणीतरी हवं ना? त्या कधीच कशात बसल्या नाहीत. आता त्यांना बसायचं होतं, आणि बसायचं तर जत्रेतल्या कुरकुरत्या पाळण्यात नाही, थेट सगळ्यात मोठ्यात. मला हे फारच आवडलं. मी त्या दिवसापासून त्यांच्या पार्टीत.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. आपल्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर चीनचा व्हिसा आधी काढा, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉन्सुलेटबाहेर सकाळी लवकर रांगेत लागा आणि सोबत खायला न्या. विमान हाँगकाँगपर्यंत घेतलं तर स्वस्त पडतं. तिथून ग्वांगझूला थेट ट्रेन आहे, इतकी स्वच्छ आणि वेळेवर की आईंनी उतरताना गार्डला सॅल्यूट ठोकला. बिचाऱ्यानंही परत ठोकला. शहरात जिकडेतिकडे पुढच्या वर्षीच्या ऑलिम्पिकचे फलक होते आणि हवा अशी की चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवेपर्यंत पुन्हा धुकट. पार्कपर्यंत मेट्रोची नवीकोरी लाइन जाते. आम्ही सामानामुळे टॅक्सी केली, तर तीही आपल्या एअरपोर्टच्या पार्किंगपेक्षा स्वस्त निघाली. हॉटेलचं नाव चिनी लिपीत लिहून खिशात ठेवा. मी ते बोलून दाखवायचा प्रयत्न केला, तर ड्रायव्हर इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आणि ते हॉटेल! नाश्त्याच्या हॉलला एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि काचेपलीकडे, झाडाखाली लोळत, पांढरे वाघ. खरेखुरे. मी प्लेट हातात धरून तशीच उभी. रेवानं नाक काचेला चिकटवलं. आईंनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेबलावर मांडली, तेवढ्यात एक वाघ उठला, आळोखेपिळोखे दिले आणि थेट आमच्या टेबलासमोर येऊन बसला.

"अगं बाप्पा, हा तर माझ्या दशमीकडेच पाहून राहिला!"

"आजी, ही इज अ कार्निव्होर," रेवानं समजावलं.

"असू दे. चटणी पाहिली नाही त्यानं कधी."

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. वांगी, टोफू, पालेभाज्या आणि ढीगभर लिची मिळते. फक्त 'मांस नको' एवढं सांगून थांबू नका. आमच्या भाजीत बारीक डुकराचे तुकडे निघाले आणि वेटरचं म्हणणं असं की एवढंसं तर नुसतं चवीला असतं. मंदारच्या ग्वांगझूच्या ऑफिसातली लिली आम्हाला भेटायला आली, तिनं स्वयंपाकघरात जाऊन खालच्या पट्टीत काहीतरी दम दिला, आणि मग आमचं पान निर्मळ झालं.

पहिला अख्खा दिवस प्राण्यांचा. उघड्या डब्यांच्या छोट्या गाडीत बसवून तुम्हाला जंगलात सोडतात आणि जिराफ येऊन तुमच्या टोपीचा वास घेतात. पांडा बांबू खात पाठ टेकून बसले होते, पोट पुढे, पाय पसरलेले, रविवारी दुपारी मंदार बसतो तसे. हे मी मोठ्यानं बोलले. आई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. संध्याकाळपर्यंत आम्ही चौघंही उन्हानं लालबुंद, पायांचे तुकडे, आणि तरी मला परत जाऊन जिराफ बघायचे होते. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते, आणि लग्नात मी बरीच खूश होते.

दुसरा दिवस कोस्टरचा. लिली मुद्दाम सुट्टी काढून आली. आईंनी साडीला सगळीकडून पिना लावल्या, वर ओढणीसारखा पदर कमरेला खोचला.  "आई, या वयात कशाला?" एवढंच मंदार सकाळपासून मधूनमधून म्हणत होता.

"कोणतं वय? खरं की शाळेतलं?"

रांग संपवून आम्ही दारापाशी पोचलो. पिवळ्या टीशर्टातल्या चाळिशीच्या बाईंनी आईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग पाटीकडे बोट केलं. लिलीनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला. साठ पूर्ण झालेल्यांना बसता येणार नाही. पासपोर्ट दाखवा. पासपोर्टवर आईंची जन्मतारीख एक जून. म्हणजे सरकारी साठी गेल्याच महिन्यात उरकली होती.

आता आपल्यापैकी ज्यांच्या घरात आईवडील, सासूसासरे, काका-काकू सगळेच एक जूनला जन्मलेले आहेत, त्यांना हे कळेल. पण चीनमध्ये कसं समजवायचं? आईंनी माझी वाट बघितलीच नाही.

"लिली, टेल हर. माय रिअल बर्थडे, त्रिपुरी पौर्णिमा. नोव्हेंबर. हेडमास्तर रोट राँग!"

मग त्यांनी प्रात्यक्षिकच केलं. शाळेत घालायला नेलं तेव्हा वयाचा दाखला कोणाकडे होता? मास्तर म्हणाले, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कानाला हात लागला तर मूल शाळेजोगं. आईंचे हात जन्मजात लांब, कान सहज हाती आला, मास्तरांनी लिहून टाकलं एक जून आणि काही महिने फुकटचे चिकटले. "पेन्शनीतही मला लवकर घातलं त्यानं!" असं म्हणत आईंनी रोलर कोस्टरच्या दारात उजव्या हातानं डावा कान धरून दाखवला. लिली भाषांतर करत होती आणि मागची सगळी रांग हळूहळू आपापले कान धरायला लागली. एक आजोबा, त्यांचे नातू, कॉलेजच्या मुली, सगळे. पिवळ्या टीशर्टातल्या बाईंनीही धरून बघितला. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

पण बाईंनी मान हलवली. लिलीला काही बोलल्या. लिली अवघडून इंग्रजीत म्हणाली, "त्या म्हणतात, आमच्याकडे जुन्या पद्धतीनं मूल जन्मतानाच एक वर्षाचं धरतात. तसं मोजलं तर या अजूनच मोठ्या होतात."

नियम तो नियम. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आईंनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, बाईंना नमस्कार केला आणि रेवाला म्हणाल्या, "जा, तू बस. मी आहे खाली." मंदारनं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की तो मलाही ऐकू आला.

"झाला ना आनंद?" आई त्याला म्हणाल्या.  हॉटेलवर परतल्यावर त्यांनी वाघांकडेही नुसतं बघितल्यासारखं केलं. मला खरोखर रडू येत होतं, वेड्यासारखं, एका झोक्यापायी.

कोस्टरवरून उतरल्यापासून रेवा मात्र आजीला चिकटून होती. "आजी, बॅक होम देअर इज नो ओल्डेस्ट रूल. ओन्ली टू शॉर्ट इज नॉट अलाउड. आय नो, आय वॉज टू शॉर्ट."

आईंनी मान वर केली.

परत आल्यावर मंदारला अचानक फार कामं निघाली. एका शनिवारी जेटलॅग, पुढच्या शनिवारी गॅरेज, मग गॅरेजमधला फ्रीज. आईंचं नागपूरचं तिकीट जवळ येत चाललं. शेवटी मीच तिकिटं काढली, आपल्या इथल्याच पार्कची, फ्रीवेनं जेमतेम अर्ध्या तासावरच्या. इतकी वर्षं आम्ही त्यावरून कॉस्टकोला सामान आणायला जातोय.

लोक मला ईमेलवर विचारतात, चीन एवढ्या लांब जाण्यासारखं आहे का? आहे! वाघांसाठी जा, लिचीसाठी जा, कान धरणाऱ्या त्या रांगेसाठी जा. माझ्या मनात अजून तो जिराफाचा ओला श्वास आहे आणि मी संधी मिळाली तर उद्या निघेन. साठीची मंडळी सोबत असतील तर नियम आधी विचारून घ्या, एवढंच.

तर आपल्या पार्कातल्या कोस्टरची पाटी आईंनी स्वतः वाचली, बोट ठेवून. हृदयविकार, पाठदुखी, गरोदरपण, उंची. वयाचं काही नाही. त्यांनी रांगेत पाऊल टाकलं, तसा मंदार म्हणाला, "आई, तू आणि रेवा जा. मी खाली थांबतो. काही लागलं तर."

आई थांबल्या. "तू बालवाडीत होता मंदार. शाळेची सहल जत्रेत गेली होती. हेडबाई म्हणाल्या, आज तुम्ही बसा, मुलांकडे मी पाहते. बसली मी पाळण्यात. समोरचा दांडाही लावून झाला. तर तू खाली असं भोकाड पसरलं, की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवून मला उतरवलं."

"मला आठवत नाही गं."

"तुला कशाला आठवेल? मी उतरली ना लगेच." त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला. "आज तू रडला तरी मी उतरणार नाही. त्यापेक्षा सोबत ये."

 मंदारनं चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि तो त्यांच्या मागे गेला. पहिल्या डब्यात आई आणि तो, मागे रेवा. गाडी चढावर गेली तेव्हा मला खालून फक्त आईंचा पांढरा अंबाडा दिसत होता. मग ती कोसळली आणि मंदारची किंकाळी सगळ्या पार्कानं ऐकली. आईंचा आवाज नव्हताच.

मी पाण्याची बाटली उघडून बाहेर पडायच्या दाराशी धावले. मंदार आला, रेवाच्या खांद्याला धरून, डोळ्यांत पाणी, आणि हसत.

"आई कुठे आहेत?" मी घाबरून विचारलं.

त्यानं मागे बोट केलं. आई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या होत्या, पुढच्या मुलाला सरळ उभं राहायला सांगत होत्या, आणि आमच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.