शेजारच्या बाईंचा मोहल्ला

सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीतल्या आमच्या शेजारीणबाईंइतकं प्रेम स्वतःच्या मोहल्ल्यावर दुसऱ्या कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही, आणि तो मोहल्ला होता अमेरिकेत. बाई तिथल्या कृष्णवर्णीय. सिंगापूरच्या एका मास्तरांशी लग्न करून इथे आल्या आणि ते गेल्यावरही इथेच राहिल्या. त्यांच्या तरुणपणी तिकडचे गोरे मालक काळ्यांना घरं देत नसत, म्हणून मोहल्ल्याने मालकांच्या दारात महिनोन् महिने धरणं धरलं. त्याचा इतिहास बाई लिहीत होत्या. त्यात पुढाऱ्यांची भाषणं दोन ओळींत आटपत. सँडविच कुणी केले, दिवसभर फलक उलटा धरून कोण उभं होतं, याला मात्र पानंच्या पानं. खाली खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये त्या टेबलावर चमचे मांडून धरण्याची रांग समजावत. एकदा सफाईवाल्या मावशींनी त्यातला एक उचलला, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "तो ठेवा, ते आमचे पाद्री आहेत."

मी बाईंच्या शेजारच्या घरात एका खोलीत भाड्याने राहत होतो. बायको पुण्याहून येणार म्हणून फ्लॅट शोधू लागलो. एजंट गोड बोलायचे आणि नाव ऐकलं की म्हणायचे, "सॉरी लाह, ओनरला इंडियन नको. कुकिंगचा वास."

बाईंच्या कानावर हे गेलं. "इथे धरण्याला परवानगी लागते," त्या म्हणाल्या, "आपण नुसतं घर बघायला जाऊ." ठेवणीतली हॅट घालून त्या माझ्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला आल्या. मालकीणबाई चिनी, त्यांच्याच वयाच्या. वासाचा विषय निघताच बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे आज काय शिजतंय?" उत्तर आलं, सुकी मासळी. पुढे दीड तास दोघी मासळीवर बोलत होत्या आणि मी शाकाहारी माणूस कोपऱ्यात बसून होतो. फ्लॅट मिळाला.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बाईंनी सहज विचारलं, "पुण्यातलं तुमचं घर कुणाला दिलंय?"

"चांगल्या लोकांना," मी म्हणालो. "आपल्यातल्याच."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती ठेवणीतली हॅट काढून मांडीवर ठेवली.

पुढच्या वर्षी पुण्यातलं घर रिकामं झालं. भावाला फोन करून म्हटलं, "या वेळी आडनाव विचारू नकोस."

"सोसायटीवाले बोलतील."

"बोलू देत."

एक शिक्षिका आपल्या आईला घेऊन तिथे राहायला आली. हे सांगायला मी तोआ पायोहला गेलो, तेव्हा बाईंना वारून तीन आठवडे झाले होते. दार त्यांच्या नणंदेने उघडलं.

"त्यांच्यासाठी काही निरोप होता का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो, "होता."