करमाडचा पाव्हणा

“उपटू का ठेवू, तेवढं सांगा मॅडम!” करमाडच्या भगवानरावांनी टोमॅटोची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. फळाफळाला देठापाशी टाचणीएवढं भोक, पानं आतून पोखरलेली. या प्लॉटची आशा त्यांनी सोडलीच होती. पण शेजारी नवा प्लॉट लावलेला. सगळ्या घराची मदार आता त्याच्यावर.

मी कीटकशास्त्रज्ञ. घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते. ऑफिसात पगार घेऊन किडे बघते.

साहेबांनी पानातली अळी पाहिली. “बटाट्यावरचा पतंग. टोमॅटोवरही येतो कधीकधी. उपटायला सांगा.”

“सर, मला हा दक्षिण अमेरिकेतला वाटतोय.”

“असं? मग उतरला कुठं, चिकलठाण्याच्या विमानतळावर?”

हसू मलाही आलं. पण तो अमेरिकेतला असेल, तर उपटणं अंगाशी येणार होतं. त्याचा जीव टोमॅटोवर. झाडं उपटली की सगळे पतंग नव्या प्लॉटवर. त्यांना पकडायला वासाचा सापळा असतो, पण वासाची कुपी प्रत्येक जातीची वेगळी. म्हणजे आधी नाव पाहिजे.

आणि दोघं दिसायला सख्खे भाऊ. तेच राखाडी पंख, तोच ज्वारीच्या दाण्याएवढा जीव. फरक कळतो तो नराच्या जननेंद्रियावरून. पोटाचं टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात गरम करायचं; मऊ भाग विरघळतो, उरलेलं मायक्रोस्कोपखाली बघायचं.

जेवताना साहेबांचा फोन आला. मी ठणकावलं, “सर, नराचं जननेंद्रिय बघितल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करणार नाही!” सासूबाईंनी भाकरी ताटात ठेवली. “अगं, निदान जेवताना तरी!”

बरणीत वाढवलेल्या अळ्यांचे पतंग झाले. पहिली निघाली मादी. दुसऱ्यावर मी शिंकले. तो अजून सापडायचाय. तिसरा नर! मी ओरडलेच, “मुलगा!” शिपाईमामा धावत आले. “कोणाला झाला, मॅडम?”

मायक्रोस्कोपखाली बोटासारखा भाग दिसला, आतून फुगीर. पुस्तकातल्या अमेरिकन पतंगाच्या चित्रासारखा हुबेहूब. साहेबांनी बराच वेळ डोळा लावला. मग म्हणाले, “बटाट्याचा नाय हा. लावा करमाडला फोन.”

“भगवानराव, उपटू नका! आधी सापळे.”

घमेल्यात पाणी, वर त्या जातीच्या मादीच्या वासाची कुपी. सकाळी पाण्यावर पतंगांची साय धरलेली. नर आटल्यावर जुना प्लॉट उपटून खोल पुरला. नवा प्लॉट हिरवागार राहिला.

भगवानराव पहिल्या तोड्याच्या टोमॅटोंचं क्रेट घेऊन आले. “नाव काय म्हणायचं त्या पतंगाचं?”

मी दोन लॅटिन शब्द ऐटीत सांगितले.

“हे कोण म्हणंल? आमी पाव्हणा म्हणतो. न सांगता आला, अन् जायाचं नाव घीना.”

हे नाव पार चितेगावपर्यंत गेलं. परवा मीटिंगमध्ये साहेबही “पाव्हण्याचा बंदोबस्त” म्हणून गेले.

सासूबाई आता शेजारणींना सांगतात, “आमची सून नुसता चेहरा बघून फसत नाही.” मग काय बघते, ते मात्र सांगत नाहीत.