खाडीवरून आलेला फोन

आमची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि मुंबईतल्या आमच्या घरातली तिची खोली रिकामी झाली. तेव्हा माझ्या शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी विचारलं, मॉरिशसहून एक मुलगी मराठीत एम.ए. करायला येतेय, हॉस्टेल मिळेपर्यंत ठेवशील का? मी लगेच हो म्हटलं. तिचे पूर्वज कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यांवर गेलेले, आम्हीही मालवणकडचे. म्हटलं, आपलीच तर पोर, त्यात काय एवढं!

पहिल्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, मला थोडे पेयजल मिळेल काय?"

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. मीही हसले. "अगं, पाणी दे म्हण ना सरळ. इथे चारकोपला असं कुणी बोलत नाही."

तीही हसली. पण पुढचे दोन दिवस तिने मराठीचा शब्द काढला नाही. काही विचारलं की मान हलवायची, नाहीतर 'येस आंटी'. ताटातला भात नुसता चिवडायची. दार लोटून आईशी त्यांच्या क्रिओल भाषेत बोलायची, तेव्हा मात्र आवाज असा खुशीत, की मला बाहेर बरं वाटायचं. बाहेर आली की डोळे लाल.

मला वेगळ्याच काळज्या. परदेशी माणूस घरी ठेवला की पोलिसांकडे ऑनलाइन नोंद करावी लागते, ती करताना मी प्रत्येक अक्षर तीनदा तपासलं. तिचं इथलं सिम अजून चालू झालं नव्हतं, घरच्या वायफायबाहेर तिचा फोन निकामीच. म्हणून तिच्या वहीत मी माझा नंबर लिहून दिला, आणि तो आईलाही कळवायला सांगितला.

चौथ्या दिवशी बोरिवलीच्या कॉलेजात तिचा पहिला तास होता. आदल्या दिवशी मी सोबत जाऊन बस दाखवली होती. "टुडे आय विल गो अलोन, आंटी," ती म्हणाली. एकपर्यंत परत यायची होती.

दोन वाजले. अडीच झाले. नवरा म्हणाला, "मैत्रिणी झाल्या असतील गं, कॅन्टीनमध्ये बसली असेल." तीनला मी रिक्षा करून कॉलेज गाठलं. ऑफिसातल्या बाईंनी चौकशी केली. पहिला तास संपल्यावर ती निघून गेली होती, म्हणजे साडेअकरालाच. साडेअकरापासून ही पोरगी कुठे आहे? बसस्टॉपवर उभी राहून मी येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये वाकून बघायला लागले. लोकांना वाटलं असेल, बाईला वेड लागलंय.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मॉरिशसचा नंबर. तिची आई.

मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकलेलं मराठी, एकेक शब्द जपून ठेवत ती बोलत होती. "नमस्कार ताई. तिचा फोन लागत नाही. माझी मुलगी बरी आहे ना?"

"बरी आहे ना! आंघोळीला गेलीय," मी म्हणाले. माझ्या मागे बसचे हॉर्न वाजत होते. खोटं कसं आलं तोंडातून, मला कळलंच नाही.

"बरं. मी वाट पाहते," ती म्हणाली.

आता पोलिसांत जायचं की नाही, यावर नवऱ्याशी फोनवर वाद चालू असतानाच दुसरा फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. "ताई, तुमची पोरगी हाय का, परदेशातली? गोराई खाडीवर बसलीय. रडतेय. वहीत तुमचा नंबर दाखवला. या, घेऊन जा."

मी रिक्षावाल्याला सगळ्या रस्ताभर 'जरा लवकर, जरा लवकर' करत राहिले.

होडी सुटते त्या धक्क्यावर एक मासेवाली मावशी रिकाम्या टोपल्या उलट्या घालून बसली होती आणि तिच्या शेजारी ही. हातात चहाचा कप, तसाच भरलेला. मी पहिल्यांदा ओरडलेच. "अक्कल आहे का तुला? कुणाला विचारता नाही आलं?"

"मला वाटलं, लोक हसतील," ती म्हणाली. मराठीत.

मग मी खाली बसले.

वर्गात सगळे भराभर बोलत होते, तिला काही कळलं नव्हतं. ती बोलली तर मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तिच्या गावात सगळ्यांत चांगलं मराठी तिचं. शाळेत बक्षिसं मिळालेली. त्या मराठीसाठीच ती इतक्या लांब आली होती. माझ्या नवऱ्याने कधीतरी 'समुद्र गोराईला' सांगितलेलं, म्हणून घरच्यासारखा समुद्र तरी बघावा असं वाटून, पाटीवर गोराई वाचून ती बसमध्ये चढली. उतरली तर समोर चिखल आणि खारफुटी. समुद्र होडीने पलीकडे, आणि होडीत बसायचा धीर होईना. फोन बंद पडला, घराचा पत्ता फोनमध्ये. परतीची बस कोणती, हे विचारायला तोंड उघडेना. चार तास.

"मला घरी जायचंय," ती म्हणाली. कुठल्या घरी, ते मी विचारलं नाही.

मावशी म्हणाली, "आधी चहा पी गं. गार झाला." ती प्यायली.

चारकोपला आल्यावर आम्ही दोघींनी मिळून तिच्या आईला व्हिडिओ कॉल केला. तिने सगळं सांगितलं, जेवत नसल्याचंसुद्धा. क्रिओलमध्ये सांगत होती, पण मला कळत होतं. मग मी पुढे झाले. "ताई, मी मघाशी खोटं बोलले. माफ करा."

"मला कळलं होतं," तिची आई म्हणाली. "ती सकाळीच आंघोळ करते."

म्हणजे तेवढा सगळा वेळ ती बाई तिकडे फोन घेऊन बसून होती, आणि मला पुन्हा एक शब्द विचारला नव्हता. मी पदराने डोळे पुसले. नवरा उठून आत गेला, आणि बाहेर आला तो थेट मुलीसमोर. "बाळा, त्या दिवशी हसलो ते चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, गेटपर्यंत याल?" पाच दिवस मी गेले. सहाव्या दिवशी चपला घालत होते, तर म्हणाली, "आज नको." मी गॅलरीत उभी राहून बस दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. मग कुकर लावला, आणि शिट्ट्या किती झाल्या ते काही मला सांगता आलं नाही.