हजेरीतली दुसरी बाई

भोपाळात गुन्हे करून निर्धास्त हिंडणारी माणसं पुष्कळ असतील. पण एकही गुन्हा न करता गेली बावीस वर्षं रोज सकाळी अटकेची वाट पाहणारी बाई एकच आहे, आणि ती माझी वहिनी आहे. तिचं नाव मी इथे सांगणार नाही. सांगायचं म्हटलं तरी कुठलं सांगू हा प्रश्न आहे, कारण तिला दोन नावं आहेत, आणि ती दोन्ही कुणी एकत्र पाहिली की आपण संपलो अशी तिची पक्की समजूत आहे. मी तिच्याबद्दल लिहितेय हे कळल्यावर तिने आधी दार लावून घेतलं आणि मग माझ्याकडून शब्द घेतला. म्हणाली, "ताई, लिहायचं तर लिहा, पण नाव नका टाकू. उद्या कुठे पूछताछ झाली तर तो पुरावा होऊन जाईल."

या दुसऱ्या नावाच्या पापात माझाही वाटा आहे. आमच्याकडे नव्या सुनेचं नाव तांदळाच्या ताटात अंगठीने लिहितात, आणि ते नाव मी सुचवलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, कादंबऱ्या वाचून पुरती बिघडलेली होते, आणि दादाच्या नावाशेजारी कुठलं नाव शोभेल यावर मी आठवडाभर वही भरली होती. वहिनीला स्वतःचं नाव आवडतं का, हे विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. नाव, मधलं नाव, आडनाव, सगळं एका दुपारी बदललं. ती मान खाली घालून हसली आणि आम्हाला वाटलं, सून आनंदात आहे. घोटाळा असा होता की लग्नाच्या दोनच महिने आधी तिला बॉयलर आणि दाबाच्या टाक्या तपासण्याचा परवाना मिळाला होता, आणि तो माहेरच्या नावावर होता. परवाना बदलायला टाकला तर नवा हाती येईपर्यंत काम बंद, म्हणून तो तसाच राहिला. आधार, बँक, मतदार यादी सासरच्या नावावर. पदवी, परवाना आणि मंडीदीपच्या कारखान्यांत तिने सह्या केलेली शेकडो प्रमाणपत्रं माहेरच्या नावावर. मी स्वतः लग्नच केलं नाही, त्यामुळे माझं नाव शाबूत आहे. हे मी एकदा गमतीने म्हटलं, तर ती अगदी मनापासून म्हणाली की ताई, तुम्ही वाचलात.

वहिनी मुळात भित्री आहे असं मात्र कुणी समजू नये. जेमतेम खांदे जातील एवढ्या भोकातून ती टाकीत उतरते. आत अंधार, गंजाचा वास, आणि ही एका हातात टॉर्च व दुसऱ्या हातात पत्र्याची जाडी मोजायचं यंत्र घेऊन तासन्‌तास रांगते. एकदा एका कारखान्याच्या मॅनेजरने माल अडकलाय म्हणून यंदा जरा सांभाळून घ्या असं सुचवलं, तेव्हा हिने त्याला खुर्चीवरून उठवून टाकीजवळ नेलं, त्याचा हात गरम पत्र्याला लावला आणि ही फुटली तर पहिल्यांदा तुमचं ऑफिस उडेल असं इतक्या शांतपणे सांगितलं की त्याने त्याच दिवशी टाकी बंद केली. मंडीदीपमध्ये माझी वहिनी येते म्हटलं की ऑपरेटर शर्टाची बटणं लावतात. पण हीच बाई कुठल्याही खिडकीमागच्या कारकुनाने "नाम?" असं विचारलं की पांढरीफटक पडते.

तिच्याकडे दोन पर्स आहेत. मरून रंगाची सासरची, काळी माहेरची. दोन्हींमधले कागद एकमेकांना भेटू नयेत म्हणून त्या कपाटात वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. या दोन्ही बायका एकच आहेत असं सांगणारं प्रतिज्ञापत्र मात्र ती प्लास्टिकमध्ये घालून अंगावर बाळगते, आणि कुणी विचारायच्या आत दाखवते, हा तिचा खरा रोग. एकदा आम्ही दोघी उज्जैनला निघालो होतो. तिकीट कारखान्याने काढलेलं, म्हणजे माहेरच्या नावाचं. हबीबगंज स्टेशनपासून तिने तोंडात पाण्याचा घोट घेतला नाही. टीसीने आमच्याकडे बघितलंही नव्हतं, तो समोरच्या म्हाताऱ्याशी बोलत होता, तेवढ्यात ही उभी राहिली आणि लग्न कधी झालं, परवाना आधी कसा मिळाला, नाव कोणी ठेवलं (इथे माझ्याकडे बोट), हे सगळं त्याला सांगून टाकलं. त्याने बिचाऱ्याने प्रतिज्ञापत्र हातात धरून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाला, "मैडम, बैठ जाइए. मैंने तो टिकट भी नहीं माँगा." ही बसली, पण उज्जैन येईपर्यंत तिची नजर डब्याच्या दारावर होती, कारण तिच्या मते तो पोलीस आणायला गेला होता.

जबलपूरला तर याहून बहार झाली. तिथल्या कामाला दादा सोबत गेला होता. हॉटेलातली खोली हिच्या कामाच्या नावावर, आणि दादाचं आडनाव वेगळं. काउंटरवरच्या मुलीने दोघांची आधार कार्डं मागितली एवढंच; हिने पर्समधून लग्नाचा फोटो काढला. अंतरपाट दूर झाल्यावरचा, माझ्या काकांचा अर्धा चेहरा आलेला. तो तिने लॅमिनेट करून घेतलेला आहे. दादा म्हणतो, त्या क्षणी त्याला स्वतःलाच शंका आली की आपण खरोखर हिचा नवराच आहोत ना. आम्ही हे किस्से सांगून वर्षानुवर्षं हसत आलो, आणि तीही आमच्याबरोबर हसायची. पण हसताना तिचा हात पर्सवर असायचा, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

गेल्या वर्षी मात्र हसू आटलं. मंडीदीपला दुधाची पावडर करणारा एक कारखाना आहे, तिथे ती दरवर्षी जाते. फाटकावर आधार बघून नाव लिहितात, म्हणजे तिथे ती सासरची. आत टाकीत उतरण्याचा जो परवानगीचा कागद असतो, तो प्रमाणपत्राशी जुळावा लागतो, म्हणून तिथे ती माहेरची. काम संपलं की तो कागद सही करून परत द्यायचा. तो टाकीच्या तोंडाशी लटकलेला असेल तर त्याचा अर्थ माणूस अजून आत आहे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, कारण सुरक्षा बघणारे चौबेजी तिला नुसतं मॅडम म्हणत. निवृत्तीला आलेला, मिशा पिकलेला सज्जन माणूस. त्यांना तिचं एकही नाव ठाऊक नव्हतं. पण त्या आठवड्यात फाटकावर नवा अधिकारी आला होता आणि त्याने पाटी लावली होती, की कागदपत्रांत तफावत आढळल्यास पोलिसांच्या हवाली करण्यात येईल. ती पाटी वाचून वहिनीने मला फोन केला होता. आणि मी तिची थट्टा केली होती.

त्याच दुपारी टाकीचं काम आटपून, कागद परत द्यायच्या आधी, ती कँटीनमध्ये चहा प्यायला गेली आणि भोंगा झाला. बर्फाच्या विभागात अमोनियाची नळी फुटली होती. आमच्या शहरात वायू सुटला म्हटलं की माणसं आधी पळतात आणि कुठला ते मग विचारतात. तशीच तीही तोंडावर ओढणी धरून, सगळ्यांबरोबर सायकल स्टँडजवळच्या मोकळ्या जागेत आली. नवा अधिकारी हजेरी घेऊ लागला. आधी फाटकाच्या वहीतली नावं झाली, त्यात सासरचं नाव आलं आणि ही "हाँ" म्हणाली. मग त्याने कामाच्या परवानग्यांची यादी काढली आणि तिचं माहेरचं नाव पुकारलं.

तिला बोलायचं होतं. ती सांगते की तोंड उघडलं होतं, पण आवाजच निघेना. समोर तोच माणूस, तीच वही, आणि दोन्ही नावं, तिने स्वतः न दाखवता, पहिल्यांदाच एका माणसाच्या हातात. त्याने नाव दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. कुणीतरी म्हणालं, आज दो लेडीज हैं क्या? चौबेजींनी तिच्याकडे पाहिलं, मॅडम तर समोर उभ्या होत्या. म्हणजे टाकीत दुसरी कुणीतरी होती, आणि टाकी बर्फाच्या विभागाला लागून. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मास्क चढवला आणि आत गेले.

तेव्हा तिचा आवाज फुटला. ती दारापर्यंत धावली, लोकांनी तिला धरलं, आणि बावीस वर्षं जे कारखान्यात लपवलं ते ती अख्ख्या कारखान्यासमोर ओरडून सांगू लागली, की ती मीच आहे, आत कुणी नाही, मीच आहे. चौबेजींना ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिला मात्र त्यांचा आवाज ऐकू येत होता. मास्कमधून घुसमटलेल्या आवाजात ते तिला तिच्या माहेरच्या नावाने हाका मारत होते. टाकीच्या पत्र्यावर काहीतरी आपटत होते, थांबत होते, पुन्हा हाक मारत होते. मग हाका बंद झाल्या. त्यानंतर ते बाहेर येईपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढा वेळ मी या माणसाला मारलं एवढंच एक वाक्य आपल्या डोक्यात होतं, असं ती सांगते. ते आले. डोळे लाल, मास्कची पट्टी सुटलेली, खोकत जमिनीवर बसले. तिला बघून म्हणाले, "मैडम, वो अंदर नहीं मिलीं."

चौबेजी साकेत नगरच्या दवाखान्यात चार दिवस होते. वहिनी चारही दिवस डबा घेऊन गेली, आणि पहिल्याच दिवशी तिने त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, चला, म्हणजे कोणी राहिली नाही ना. पोलीस कुणी बोलावले नाहीत. कारखान्याने फक्त लेखी कळवलं की यापुढे एकच नाव ठेवा, नाहीतर प्रवेश मिळणार नाही. दादा म्हणाला, बरंच झालं, एकदाचं मिटवून टाक. परवान्यावरचं नाव बदलायचं असं घरात ठरलं आणि मी तिच्यासोबत जवाहर चौकात टायपिस्टकडे गेले. त्याने दोन्ही नावं नीट विचारून घेतली, मशीनवर बोटं ठेवली आणि विचारलं, "कौन सा कटेगा, मैडम?"

वहिनीने प्रतिज्ञापत्राचं प्लास्टिक छातीशी धरलं. मला वाटलं, पुन्हा घाबरली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा ती माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ताई, आई-बाबा गेल्यावर त्या नावाने मला कोणी बोलावलंच नाही. नुसतं कागदावर होतं. चौबेजी आत ज्या जोराने हाक देत होते ना, तशी मला बाबांनी पण कधी दिली नसेल. आता ते नाव कसं काटू? ते तर तिला शोधायला गेले होते."

टायपिस्ट थांबला होता. मी त्याला सांगितलं की काही कापू नका, दोन्ही लिहा, आणि कारखान्याला उद्देशून अर्ज करा की फाटकावर आणि परवानगीच्या कागदावर दोन्ही नावं एकाच ओळीत यावीत. वहिनीने सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी केली. अर्जाचं काय होईल ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

चौकातून बाहेर पडल्यावर ती माझ्या चार पावलं पुढे होती. बावीस वर्षं मी तिला वहिनीच म्हणत आले. त्या दिवशी पहिल्यांदाच, तिथल्या गर्दीत, मी तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारली. ती जागच्या जागी थांबली. कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तिने घाबरून दोन्हीकडे पाहिलं. मग मागे न वळता, अगदी हळू, "ओ" म्हणाली.