बडग्याचा चेहरा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई सोबत नेणाऱ्या बाईचा पुतळा, निघते. तिच्या मागून बडगे चालतात. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा म्हणजे बडग्या. गावभर त्याची टर उडवायची आणि शेवटी जाळायचा.

हिंगण्याच्या कारखान्यातली पाळी सांभाळून धर्मेंद्र मोहल्ल्याचा बडग्या करायचा. कोरोनाची दोन वर्षं मिरवणूक नव्हती. यंदा निघणार होती, आणि मंडळाच्या रजतनं विषय आधीच ठरवला होता: कोरोनातलं सरकार.

"भाऊ, चेहरा नीट जमवा. मागचा महागाईचा बडग्या तुमच्या साळ्यावर गेला होता."

शेजारचे मधुकरराव कुरकुरले. सरकारनं फुकट धान्य दिलं, लस दिली, तेही मांडा म्हणाले. धर्मेंद्रला ते नाकारता येईना. ते धान्य त्याच्याही घरी शिजलं होतं. पण दुसऱ्या लाटेत वडिलांना, मारोतरावांना, ऑटोत घालून तो एकेका दवाखान्याच्या दारात गेला होता. कुठं खाट नव्हती, कुठं ऑक्सिजन. ते ऑटोतच गेले. प्लास्टिकात गुंडाळलेला देह स्मशानघाटाच्या फाटकातून आत गेला, धर्मेंद्रला बाहेरच थांबवलं. पुढं दिल्लीहून बातमी आली: ऑक्सिजनअभावी कोणी मेल्याची नोंद राज्यांकडून आलेली नाही. ती त्यानं कारखान्याच्या बसमध्ये मोबाईलवर वाचली. उतरायचा थांबा मागं पडला.

हेच त्याला चौकात मांडायचं होतं. बडग्याच्या गळ्यात त्यानं पुठ्ठ्याचं सिलिंडर अडकवलं. पाटी लिहिली: 'नोंद नाही.' मग चेहऱ्याला हात घातला.

कागदाचा लगदा ओला होता. बोटं आपोआप चालली. आई, रंभाबाई, चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"धर्मा, हे तं तुहे बाबा होय ना रे?"

उघडं तोंड. हवेसाठी ताणलेली मान. उद्या लोक या तोंडावर हसणार होते.

धर्मेंद्रनं मोडायला हात उचलला, पण मोडवेना. शेवटी त्यानं वरून कोरा कागद चिकटवला. रजत वैतागला. बिनचेहऱ्याचा बडग्या कोणाला समजणार, म्हणाला.

मिरवणुकीत मात्र लोक पाटी वाचत आणि त्यांचं हसू थांबे. रोगराई घेऊन जा, खोकला घेऊन जा गे मारबत, पुढची पोरं ओरडत होती. धर्मेंद्र बडग्याचा बांबू धरून चालत होता.

संध्याकाळी मैदानात बडग्या पेटवला. आधी कोरा कागद जळून गळाला. आतला चेहरा उघडा पडला, तांबूस, जिवंत. जाळात ओठ हलल्यासारखे वाटले. धर्मेंद्र मागं सरला. रंभाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"पळू नको. तवा पाहू देल्लं नाही. आता पाहून घे."

तो पाहत राहिला. तोंड सगळ्यात शेवटी जळलं.